मोठी सुवर्णमुद्रा : संग्रहाचा विषय की संचयाचा?

सुवर्णाची हौस मनुष्यमात्रास आहे. परंतु सुवर्णाच्या नाण्याची हौस ही त्याहून निराळी गोष्ट होय. सोने जमविणाऱ्यास वजन पाहिजे असते, तर नाणी जमविणाऱ्यास इतिहास पाहिजे असतो. पहिला संचय करतो, दुसरा संग्रह करतो. या दोन वृत्ती एकाच माणसाच्या ठिकाणी नांदू शकतात, नाही असे नाही. परंतु त्या एकमेकींत मिसळल्या म्हणजे हिशेबही चुकतो आणि हौसही फिटत नाही. हे मिसळणे ज्या एका वस्तूच्या बाबतीत सर्वांत सहज घडते, ती वस्तू म्हणजे मर्यादित संख्येने पाडलेले मोठे सोन्याचे नाणे.

अलीकडे आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतील मुलेमुली परदेशी स्थायिक झाली आहेत. तिकडील टांकसाळी दरवर्षी नवनवी नाणी काढतात. कोणी पाच तोळ्यांचे, कोणी दहा तोळ्यांचे, तर कोणी थेट एक किलो वजनाचे. त्यांची गुळगुळीत कागदावरील माहितीपत्रके घरोघर येतात. त्यांवर 'जगात केवळ इतकीच नाणी' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. सेवानिवृत्तीची रक्कम हाती आलेला, लहानपणापासून नाण्यांची आवड असलेला गृहस्थ ते वाचून विचारात पडतो. गेल्या काही वर्षांत अशा तीन-चार गृहस्थांनी आम्हांस 'गुरुजी, घ्यावे की न घ्यावे?' असा प्रश्न केला. आम्ही सराफ नव्हे की अर्थशास्त्रज्ञ नव्हे. तीस-पस्तीस वर्षे मुलांना इतिहास शिकविला, एवढीच आमची शिदोरी. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर इतिहासाकडेच मागावे, असे आम्ही ठरविले.

प्रचंड आकाराची सुवर्णमुद्रा ही आजकालची कल्पना नव्हे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा युक्रेटायडीस याने वीस स्टेटर किमतीचे एक सुवर्णनाणे पाडले. त्याचे वजन सुमारे १६९ ग्रॅम व व्यास ५८ मिलिमीटर. प्राचीन जगातील ज्ञात सुवर्णनाण्यांत ते सर्वांत मोठे होय. ते मध्य आशियात बुखारा येथे सापडले, पुढे फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने ते विकत घेतले आणि आज ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. या जातीचे दुसरे नाणे ज्ञात नाही. राजाने ती किती पाडली असतील ती असोत. उरले ते एक.

आपल्या देशात ही हौस मोगल बादशहांनी कळसास नेली. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या नाण्यांची यादी दिली आहे. तिच्या आरंभीच 'शहंशाह' नावाचे गोल नाणे येते. त्याचे वजन १०१ तोळे, ९ मासे व ७ गुंजा. म्हणजे आजच्या हिशेबाने किलोहून अधिक. जहांगीराने १६०५ साली राज्यारोहण होताच मोठ्या नाण्यांना स्वतंत्र नावे ठेवली, ती त्याच्या आत्मचरित्रात आहेत. शंभर तोळ्यांची नूरशाही, पन्नासांची नूरसुलतानी, विसांची नूरदौलत, दहांची नूरकरम, पाचांची नूरमिहर आणि एका तोळ्याची नूरजहानी. या सर्वांहून मोठे असे एक हजार मोहरांचे नाणे त्याने हिजरी १०२२, म्हणजे इ. स. १६१३ मध्ये आग्रा येथे पाडविले. त्याचे वजन ११,९३५ ग्रॅमांच्या वर आणि व्यास वीत-सव्वावीत. हे नाणे हातात घेऊन कोणी बाजारात भाजी आणावयास जात नसे, हे सांगावयास नकोच. ही नाणी चलनासाठी नव्हतीच. परदेशच्या वकिलास, मर्जीतल्या सरदारास किंवा घरच्या मंडळींस नजराणा द्यावा, अथवा खजिन्यात वैभव म्हणून ठेवावी, हा त्यांचा उपयोग. नाण्याचे रूप, पण काम मात्र दागिन्याचे किंवा लगडीचे.

पुढे या नाण्यांचे काय झाले, तेथेच आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा सापडतो. अकबराच्या त्या 'शहंशाह' नाण्यांचे वर्णन ग्रंथात उरले, नाणी डोळ्यांस दिसत नाहीत. शाहजहानच्या दोनशे मोहरांच्या नाण्याचा केवळ प्लास्टरमध्ये घेतलेला ठसा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मूळ नाणे आज पाहावयास मिळत नाही. जहांगीराचे हजार मोहरांचे नाणे नोव्हेंबर १९८७ मध्ये जिनिव्हा येथे लिलावास निघाले. अपेक्षित किमान किंमत न आल्यामुळे ते विकले गेले नाही. ते हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडून आल्याचे मानले जाते व भारत सरकारच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याचा मागही घेतला. परंतु ते आज कोठे आहे हे जाहीर नाही. एवढ्या मोठ्या राज्यकर्त्यांची एवढी मोठी नाणी अशी नाहीशी का व्हावी? कारण उघड आहे. राज्य बुडाले, लढाई आली, सैन्याचा पगार थकला की खजिन्यातून पहिल्याने काय बाहेर निघणार? जे सर्वांत जड ते. लहान नाणे हजार हातांत विखुरलेले असते. त्यातील दहावीस कोठेतरी भिंतीत, गाडग्यात, देव्हाऱ्यात शिल्लक राहतात. मोठे नाणे एकाच ठिकाणी असते आणि मुशीपासून त्याचे अंतर सर्वांत कमी असते. आम्ही याला मोठ्या नाण्याचा पहिला नियम समजतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील घ्या. ६ जून १६७४ रोजी रायगडावर श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला व त्या निमित्ताने सोन्याचे होन पाडले गेले. एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे. वजन पाव तोळ्याच्या आसपास. आज अस्सल शिवराई होन हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे थोडे उपलब्ध आहेत आणि त्यांचे मोल सोन्याच्या वजनाशी कोणत्याही गणिताने जुळत नाही. हे होन पाडणाऱ्या टांकसाळीने 'आम्ही एवढेच काढू' असे कोठे जाहीर केले नव्हते. त्यांची दुर्मिळता कोणी ठरविली नाही. ती साडेतीनशे वर्षांनी घडविली. काळाने केलेली दुर्मिळता आणि कारखान्याने केलेली दुर्मिळता यांतील हा भेद संग्राहकाने नीट ध्यानात घेतला पाहिजे. कारखाना म्हणतो, 'या वर्षी पाचशेच'. परंतु पुढच्या वर्षी दुसरे चित्र घालून पुन्हा पाचशे काढतो, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरे. प्रत्येक आवृत्ती मर्यादित, पण आवृत्त्यांना मर्यादा नाही.

मग कारखान्याची दुर्मिळता कधीच खरी ठरत नाही काय? असे म्हणणे सत्यास सोडून होईल. अमेरिकेतील एक उदाहरण आम्हांस या दृष्टीने फार उद्बोधक वाटते. पनामा कालवा खुला झाल्याप्रीत्यर्थ १९१५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठे प्रदर्शन भरले. त्या वेळी तेथील टांकसाळीने पन्नास डॉलर दर्शनी किमतीची सुवर्णनाणी पाडली. काही गोल, काही अष्टकोनी. शिल्पकार रॉबर्ट एटकेन याने एका अंगास शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा देवता व दुसऱ्या अंगास घुबड असे चित्र योजिले; अष्टकोनीच्या कोपऱ्यांत डॉल्फिन मासे घातले. वजन ८३ ग्रॅमांच्या वर, म्हणजे सात तोळ्यांहून अधिक. प्रत्येक प्रकारची १५०० नाणी काढण्याची कायद्याने मुभा होती आणि विक्रीची किंमत होती शंभर डॉलर. म्हणजे पन्नास डॉलरच्या सोन्यास शंभर डॉलर मोजावयाचे! लोकांनी पाहिले, वाखाणले आणि बहुतेकांनी घेतले नाही. न खपलेली नाणी टांकसाळीने पुन्हा वितळविली. शेवटी लोकांच्या हाती गेली ती गोल ४८३ आणि अष्टकोनी ६४५.

आज अमेरिकेच्या नाण्यांत या दोहोंस मोठा मान आहे व त्यांस सोन्याच्या कितीतरी पट किंमत येते. हे ऐकून कोणी म्हणेल, 'पाहा, घेणाराच शहाणा ठरला.' होय, तो शहाणा ठरला, पण कशामुळे? त्या काळच्या लोकांनी ती घेतली नाहीत म्हणून. तीन हजारही खपली असती तर आजचा मान एवढा राहिला असता असे वाटत नाही. तसेच घेणाऱ्याचे नातू-पणतू ती सांभाळून बसले, हेही खरे. ज्याने १९१५ मध्ये शंभर डॉलर मोजले, त्याने पुढे पाच-दहा वर्षांत ती विकून नफा काढावा म्हणून ती घेतली असती, तर तो बहुधा निराश झाला असता. १९३३ साली तर अमेरिकेच्या सरकारने नागरिकांजवळील सोने सरकारजमा करविले. त्यातून संग्राहकांच्या दृष्टीने विशेष मोल असलेली दुर्मिळ नाणी तेवढी वगळली. म्हणजे त्या आदेशाने संग्रह आणि संचय यांत कायद्यानेच रेषा ओढली. आपल्याकडील अनुभव निराळा नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आले; १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी झाली; दागिन्यांव्यतिरिक्त सोने जाहीर करावे लागले. सहस्रावधी सुवर्णकारांचा हातचा धंदा गेला, त्याच्या आठवणी आजही काही घरांत निघतात. १९६८ च्या कायद्याने ते नियंत्रण पुढे चालू राहिले आणि १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. राज्यसत्तेची दृष्टी सोन्यावर प्रथम कोठे पडते, तर मोठ्या व उघड्या साठ्यावर, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

आता ज्यास आधुनिक मोठे नाणे म्हणता येईल, त्याचा उगम पाहू. १९६७ साली दक्षिण आफ्रिकेने क्रुगररँड नावाचे, बरोबर एक औंस शुद्ध सोने असलेले नाणे काढले. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्यावर किंमत लिहिलेली नव्हती; त्याची किंमत म्हणजे त्या दिवसाचा सोन्याचा भाव. कॅनडाने १९७९ मध्ये मेपल लीफ व अमेरिकेने १९८६ मध्ये ईगल काढले. ही नाणी म्हणजे सोने घेण्याची सोय. त्यांत कोणी इतिहास शोधीत नसे. ऑस्ट्रेलियातील पर्थच्या टांकसाळीने १९९१ मध्ये एक किलोचे नाणे काढले आणि मग चढाओढ सुरू झाली. ऑस्ट्रियाने २००४ मध्ये १००० औंसांची, म्हणजे ३१ किलोंची, १५ नाणी पाडली. कॅनडाने २००७ मध्ये १०० किलोंचे, ९९.९९९ टक्के शुद्ध व दहा लक्ष डॉलर दर्शनी किमतीचे नाणे काढले. २०११ मध्ये पर्थच्या टांकसाळीने १०१२ किलो वजनाचे, ८० सेंटिमीटर व्यासाचे नाणे घडवून सर्वांवर ताण केली. जहांगीर बादशहाची हौस चारशे वर्षांनी टांकसाळींच्या अंगी संचारली, असेच म्हणावे लागेल.

यांपैकी कॅनडाच्या शंभर किलो नाण्याच्या दोन हकिकती आमच्या प्रश्नास नेमक्या लागू पडतात. पहिली अशी. या नाण्याचे जगात मोजून पाच-सहा नमुने. त्यांतील एक जून २०१० मध्ये व्हिएन्नातील डोरोथियम या जुन्या लिलावगृहात निघाले. मर्यादित संख्येलाच मोल असते, तर याहून मर्यादित ते काय असणार? ते विकले गेले ३२ लक्ष ७० हजार युरोंस. त्या सुमाराच्या बाजारभावाने शंभर किलो शुद्ध सोन्याची किंमतही जवळजवळ तेवढीच होत होती. म्हणजे राणीच्या मुखवट्याचे, मेपलच्या पानाचे आणि 'जगात पाचच' या गौरवाचे मोल झाले जवळजवळ शून्य. कारण ते घेऊ शकणारे गिऱ्हाईकही जगात पाचच. वस्तू थोडी असणे म्हणजे दुर्मिळता नव्हे. वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, याला दुर्मिळता म्हणतात.

दुसरी हकिकत बर्लिनची. असेच एक नाणे तेथील बोडे संग्रहालयात मालकाने पाहावयास ठेविले होते. २७ मार्च २०१७ च्या पहाटे चोर शिडी लावून खिडकीतून आत शिरले, नाणे हातगाडीवर घालून रेल्वेच्या रुळांवरून पसार झाले. २०२० मध्ये आरोपींस शिक्षा झाल्या. नाणे मात्र मिळाले नाही. ते तुकडे करून किंवा वितळवून विकले असावे, असाच सर्वांचा समज आहे. मोगल खजिन्याचा तो पहिला नियम बर्लिनच्या संग्रहालयातही खरा ठरला.

येथे मोठ्या नाण्याची बाजू मांडणे आमचे कर्तव्य आहे. मोठ्या पृष्ठभागावर शिल्पकारास हात मोकळा मिळतो. चेहऱ्यावरची सुरकुतीही उठून दिसते. साध्या, मर्यादित नसलेल्या नाण्यांत वजन जितके जास्त तितकी घडणावळ दर ग्रॅमास कमी पडते, हेही खरे. आणि सुंदर वस्तू जवळ असण्याचा आनंद हा पैशात न मोजण्यासारखा आहे; ज्यास तो परवडतो त्याने तो अवश्य घ्यावा. परंतु ज्या गृहस्थास हीच आपली म्हातारपणची पुंजी आहे, त्याने आधी पाटी-पेन्सिल घ्यावी.

आपण पाचवीच्या गणितासारखे एक गणित करू. समजा, नाण्यातील सोन्याची किंमत १०० रुपये आहे. मर्यादित आवृत्ती म्हणून टांकसाळ त्यावर २० रुपये अधिक घेते. आपल्याकडे सोन्यावर २०१७ पासून ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो धरून खरेदी झाली १२३ रुपये ६० पैसे. विकावयास गेलो तर सराफ नावीन्याकडे पाहत नाही, तो सोने पाहतो व तोडणावळ म्हणून समजा २ रुपये कापतो. हाती आले ९८. म्हणजे नुसते मुद्दल परत मिळावयास सोन्याचा भाव २६ टक्क्यांनी चढला पाहिजे. तेच साधे नाणे ५ टक्के घडणावळीने घेतले, तर खरेदी १०८ रुपये १५ पैसे आणि मुद्दल सुटावयास भाव साडेदहा टक्के चढला की पुरे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. ज्याने त्याने आपल्या पावतीवरील आकडे घालून हे गणित सोडवावे. या दोन उत्तरांतील जो फरक, ती हौसेची किंमत होय. ती हौस म्हणून द्यावी. गुंतवणूक म्हणून देऊ नये.

आणखी एक अडचण शास्त्रीय स्वरूपाची आहे. सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टन या धातूची १९.२५. दोहोंत जवळजवळ भेद नाही. यास्तव टंगस्टनच्या गाभ्यावर सोन्याचा जाड पत्रा चढविला, तर वजन व आकारमान यांवरून लबाडी उघडकीस येत नाही. क्ष-किरणांचे यंत्र वरचा थरच वाचते. लहान, पातळ नाण्यात असा गाभा लपविणे कठीण. मोठ्या, जाड नाण्यात सोपे. त्यात नवे नाणे पारदर्शक डबीत बंद केलेले असते. डबी उघडली तर हाताचे ठसे व चरे पडून संग्राहकाच्या लेखी नाण्याचे मोल उतरते. न उघडली तर सराफाची खात्री पटत नाही. असा हा दुहेरी पेच आहे. शिवाय बँकेतून घेतलेले नाणे बँक परत घेत नाही, हे पुष्कळांस विकावयास गेल्यावरच समजते.

आता या विषयातील जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे वळतो. ती ना भावाची, ना घनतेची. ती घराची आहे. ज्ञातीतील एका कुटुंबाचा प्रसंग आम्ही जवळून पाहिला. नावगावाचे प्रयोजन नाही. घरातील कर्ते गृहस्थ नाण्यांचे मोठे षोकी. त्यांच्या पश्चात कपाटात तीन गोष्टी निघाल्या : आजीच्या माळेतील सुट्या झालेल्या पुतळ्या, तांब्याच्या शिवराईंची एक पिशवी आणि शंभर ग्रॅमहून जड असे परदेशी टांकसाळीचे, मर्यादित आवृत्तीचे एक सोन्याचे नाणे. अपत्ये तीन : दोन मुलगे, एक मुलगी. पुतळ्यांची वाटणी बसल्या बैठकीत झाली. पुतळी म्हणजे मूळचे व्हेनिसचे ड्युकॅट. त्यावरील मानवी आकृतीवरून आपल्या बायकांनी तिला पुतळी म्हटले आणि माळेत ओवली. प्रत्येकाच्या वाट्यास सारख्या आल्या. शिवरायांची पिशवी नातवंडांनी उधळली व पुन्हा गोळा केली. अडले ते मोठ्या नाण्यापाशी.

थोरला म्हणे, 'मी ठेवतो, तुम्हां दोघांस पैसे देतो.' पण कोणत्या भावाने? माहितीपत्रकात छापलेल्या किमतीने की सराफाच्या भावाने? दोहोंत फार अंतर होते. धाकटा म्हणे, 'बाबांनी मोजली ती किंमत धरा.' तर बाबांनी किती मोजले याची पावतीच सापडेना. मुलगी काहीच बोलली नाही. ती त्या डबीकडे पाहत होती. तिघेही आमचे विद्यार्थी. 'गुरुजी, तुम्हीच सांगा,' असे म्हणून त्यांनी आम्हांस मध्ये घातले, पण आम्हांजवळही त्या नाण्याचे तीन भाग करण्याची विद्या नव्हती. पाच-सहा महिने भावाभावांत बोलणे नव्हते. वर्षश्राद्धास एक जण आला, एक आला नाही. शेवटी नाणे सराफाच्या तराजूत पडले, सोन्याच्या भावाने विकले गेले आणि रक्कम तीन ठिकाणी वाटली गेली. रिकामी डबी व त्यातील प्रमाणपत्र मुलीने मागून घेतले. तिच्या घरी ते आजही आहे. त्या गृहस्थांनी नाणे घेताना मनात जे योजिले असेल, त्यातील नेमके तेवढेच उरले.

यावरून आम्ही असे म्हणतो की मोठे नाणे घेणाऱ्याने 'मी हे कोणास देणार?' हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. एकच मूल असेल, किंवा मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले असेल, किंवा एखाद्या संग्रहालयास देण्याचा संकल्प असेल, तर गोष्ट निराळी. एरवी दहा ग्रॅमची दहा नाणी शंभर ग्रॅमच्या एका नाण्याहून घरास अधिक उपयोगी. आजारपणात एक विकता येते, नऊ राहतात. लग्नात एक देता येते. वाटणीत कोणाचे मन मोडत नाही. आपल्या पूर्वजांनी माळेत पुतळ्या ओवल्या, यात शृंगाराइतकाच व्यवहारही होता.

कागदपत्रांविषयीही दोन शब्द. आयकर खात्याने ११ मे १९९४ च्या सूचनेत विवाहित स्त्रीस ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीस २५० व पुरुषास १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने झडतीत जप्त करू नयेत, असे सांगितले आहे. पुष्कळ जण ही सवलत सोन्याच्या सर्व प्रकारांस लागू समजतात. ती दागिन्यांविषयी आहे. नाण्यांचा तीत समावेश नाही. म्हणून नाण्याची पावती ही नाण्याइतकीच जपावी. ज्यास जुन्या नाण्यांचा छंद आहे त्याने हेही जाणावे की शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व ते खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. आणि जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरास कळवावे लागते. परदेशच्या नातवास आजोबांची मोहर पाठविण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

मग खऱ्या संग्राहकाने करावे काय? आमचे मत असे की थोड्या सोन्यात पुष्कळ इतिहास असलेले नाणे शोधावे. एकच उदाहरण देतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीत सोन्याची दोन नाणी पडली. एक, पंधरा रुपयांची मोहर. दुसरे, बारीक 'आय' हे इंग्रजी अक्षर असलेले इंग्लंडचे सॉव्हरिन, ज्यास आपण गिनी म्हणतो. दोहोंचेही वजन आठ ग्रॅमांच्या आतबाहेर, कस २२ कॅरटचा. मुंबईत सॉव्हरिन पाडले गेले ते त्या एकाच सालचे. असे एक नाणे हाती आले तर त्यात महायुद्ध आहे, चांदीची टंचाई आहे, मुंबई शहर आहे आणि तरीही त्यातील सोने मोडीत निघण्यासारखेच राहते. ते दाखवून मुलांस एक तास शिकविता येतो. शिवराई होन मात्र तज्ज्ञास दाखविल्याविना कोणी घेऊ नये. त्याच्या नकला फार. आणि सोने नसले म्हणून काय झाले? तांब्याची शिवराई आम्ही वर्गात हातोहात फिरवीत असू. तिच्यावरील झिजलेली अक्षरे लावताना मुलांच्या चेहऱ्यावर जे तेज दिसे, ते किलोभर सोन्याने येते असा आमचा अनुभव नाही.

घेण्यापूर्वी पाहणे, हा संग्राहकाचा पहिला धर्म. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. आपल्या तरुण मंडळींनी सुटीच्या दिवशी तेथे जावे, मुलांस न्यावे. पाहून पाहून डोळा तयार होतो आणि तयार डोळ्यास माहितीपत्रकातील ठळक अक्षरांची भूल पडत नाही.

सारांश, ज्यास सोने पाहिजे त्याने सोने घ्यावे, साधे व लहान तुकड्यांत. ज्यास नाणे पाहिजे त्याने इतिहास असलेले नाणे घ्यावे, भले ते तांब्याचे असो. ज्याचा संसार मार्गी लागला आहे, औषधपाण्याची तजवीज झाली आहे, वारसाची व्यवस्था लिहून ठेवली आहे आणि तरीही ज्याचे मन त्या मोठ्या नाण्याच्या सौंदर्यावर जडले आहे, त्याने ते खुशाल घ्यावे. पण पैसे गेले असे समजून, आनंद आला असे समजून घ्यावे. या चार अटींतील एक जरी पुरी नसेल, तर माहितीपत्रक मिटून ठेवावे, हे बरे. बादशहांचे खजिने गेले, मुशी राहिल्या. आपणां मध्यम स्थितीतील माणसांजवळ खजिना नाही, घर आहे. ते अभंग राहील असाच संग्रह आपल्या ज्ञातिबांधवांनी करावा, अशी आमची विनंती आहे.